चादरी, चिमटा आणि हिब्रू

२ मार्च, सोमवार

या भाषेत 'आहे' नाहीच!

मला वाटलं मावशी चेष्टा करतेय. 'मशीन गरम आहे' कसं म्हणायचं विचारलं तर म्हणाली, "हा-मेखोना खामा." मशीन गरम. संपलं.

"आणि 'आहे'?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही! मशीन गरम दिसतंय ना समोर? मग 'आहे' कशाला पाहिजे तुला?"

मी उशीचा अभ्रा हातात धरून तशीच उभी. आजवर किती 'आहे' फुकट घालवले मी!

ही माझी सहावी नोकरी. बेकरी सुटली, फुलांचं दुकान सुटलं, कुत्री फिरवायचं काम कुत्र्यांनीच सोडायला लावलं. आई म्हणते पायाला भिंगरी आणि डोक्यात भुसा. बारावी अर्धी टाकली तेव्हापासून हेच म्हणते. आता हा धुलाईखाना. तळघरात. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. धुवायच्या, पिळायच्या, मग रोलरवर. रोलर म्हणजे दोन माणसांएवढं लांब, तापलेलं लोखंडी लाटणं. इकडून ओली चादर घातली की तिकडून पुठ्ठ्यासारखी कडक बाहेर.

मालकापासून मशीनच्या बटणापर्यंत इथे सगळं हिब्रू. मराठी बोलणारी एकटी मावशी, इस्त्री विभागाची मुख्य. तीस वर्षं झाली तिला इथे. हिब्रूत तोंड उघडलं की समोरचा गप्पच. पहिल्या दिवशी मी 'तुम्ही' म्हटलं तर खवळली. "मावशीला अहो-जाहो? मग मावशी कशाला म्हणतेस, मॅडम म्हण!" त्यामुळे तू.

लांब्याने बजावलंय, महिनाभरात कामापुरती भाषा आली नाही तर रामराम. लांब्या म्हणजे मॅनेजर. दारातून वाकूनच आत येतो.

कामापुरतीच शिकवते मावशी. "प्रेमाबिमाचं तुझं तू बघ," म्हणाली.

३ मार्च, मंगळवार

चादरीत कवळी सापडली. वरची. हसत होती!

५ मार्च, गुरुवार

'आहे' आहे! लपवून ठेवलं होतं!

'माझ्याकडे वेळ आहे' — येश ली झमान. 'येश' म्हणजे आहे. शब्दाला शब्द लावला तर 'आहे मला वेळ'. आणि नसेल तर 'एन ली झमान'. एन म्हणजे नाही. अगदी आपल्यासारखं! शाळेत इंग्रजीच्या बाईंनी 'मी वेळ बाळगते' असलं काहीतरी घोकून घेतलं होतं, ते कधी गळी उतरलंच नाही.

बाई-पुरुषही आपल्यासारखे. मी काम करते, अनी ओवेदेत. मी काम करतो, अनी ओवेद. दिवसभर 'ओवेदेत, ओवेदेत' करत ट्रॉली ढकलली आणि भिंतीवर नेऊन आदळली.

रोलरवर माझ्या शेजारी असतो त्याला मी मौनीबाबा नाव ठेवलंय. पन्नाशीचा, पिकल्या मिशांचा, तिसऱ्याच कुठल्या देशातला. मराठी येत नाही, हिब्रू माझ्याइतकंच. रोज सकाळी एकच वाक्य टाकतो — "मा श्लोमेख?" कशी आहेस? मी म्हणते, "तोव." छान. झालं आमचं दिवसभराचं संभाषण.

आजची खरी गोष्ट राहिलीच! रोलरच्या तोंडाशी एक पट्टी असते. हात आत जायला लागला की ती ढकलली जाते आणि मशीन थांबतं. पण जाड चादर आली तरी ढकलली जाते, मग दर पाच मिनिटांनी बंद. म्हणून सकाळी आल्याआल्या पट्टीला एक मोठा स्टीलचा चिमटा लावून टाकतात. पट्टी हलतच नाही. चादरी धाडधाड निघतात. हे काम रोज मावशीचं. आज ती लांबूनच ओरडली, "तासीमी एत हा-अताव!"

आणि मला कळलं! चिमटा लाव! आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण हिब्रू वाक्य कळलं, कोणी न सांगता! धावत जाऊन लावला. लांब्या तिथेच उभा होता. हसला, अंगठा दाखवला.

घरी येईपर्यंत जमिनीला पाय लागले नाहीत.

६ मार्च, शुक्रवार

मौनीबाबाचा हात.

चादरीची घडी पडली होती, ती सोडवायला त्याने हात घातला. पट्टी हललीच नाही. हलणार कशी. "अत्सोर! अत्सोर!" थांब, थांब म्हणून सगळे मशीनला ओरडत होते. मशीनला कुठली भाषा! मावशीने झेप घेऊन लाल बटण दाबलं.

तो ओरडलासुद्धा नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला.

चिमटा मी लावला होता. आजही मीच. कोणी सांगितलं नव्हतं. कालच्यासारखा अंगठा मिळेल म्हणून.

९ मार्च, सोमवार

तीन दिवस काही लिहिलं नाही. जेवण जात नाही. आईचा फोन आला, मी म्हटलं सर्दी झालीय.

त्याचा उजवा तळवा आणि तीन बोटं भाजलीत. हात राहील म्हणतात. कामाचा राहील का, ते कोणी बोलत नाही.

लांब्याने मावशीला आणि मला ऑफिसात बोलावलं. तो हिब्रूत बोलला, मावशीने मला सांगितलं. २४ तारखेला तपासनीसबाई येणार. त्या वेळी रोलरपाशी जे होते त्यांचे जबाब घेणार. कोणाची चूक ते ठरवणार. साक्षीदाराला भाषा येत नसेल तर बाई स्वतःचा दुभाषा आणते. लांब्याला बाहेरचा माणूस नकोय.

"म्हणून तुला बोलता आलं पाहिजे," मावशी म्हणाली. "तुझ्या तोंडाने. पंधरा दिवसांत."

आजपासून रोज एक तास कामाच्या वेळात शिकवणी. भूतकाळ.

मी लावला — सामती. तू लावलास — सामता. तेच बाईला म्हणायचं तर — सामत. त्याने लावला — साम. तिने लावला — सामा.

"हेच क्रियापद का गं मावशी?"

"सोपं आहे. घोक."

एक गंमत दिसली. वर्तमानात 'मी' बाई की पुरुष ते कळतं. 'सामती'त कळत नाही. 'मी लावला'तही कळत नाही. दोन्ही भाषांत झालेल्या गोष्टीला मिशा नाहीत. हे मावशीला सांगितलं तर हसली नाही.

११ मार्च, बुधवार

मावशी अक्षरं शिकवत नाही! किती मागे लागले. "अक्षरांचं काय लोणचं घालायचंय? तोंड चालव." वहीत लिहून दे म्हटलं तर, "चष्मा घरी राहिला." कालही घरीच होता.

मग मी एकटीनेच सुरुवात केली. साबणाच्या पिंपावरून. उजवीकडून डावीकडे वाचायचं हे माहीत होतं. पण काना-मात्रा लिहीतच नाहीत जवळजवळ! नुसती व्यंजनं! 'मनहल' लिहायचं आणि 'मेनाहेल' वाचायचं. मेनाहेल म्हणजे मॅनेजर, लांब्याच्या दारावर पाटी आहे. म्हणजे शब्द आधी माहीत असेल तरच वाचता येतो. मग वाचायचं कशाला?

भिंतीवर लाल अक्षरांत जागोजाग एकच शब्द आहे. अलेफ, सामेख, वाव, रेश. दोन दिवस खपले त्याच्यावर. आज दुपारी एकदम फुटला. आसूर! मनाई!

रोलरच्या वरही तोच आहे. चिमट्याच्या बरोबर वर.

१३ मार्च, शुक्रवार

आजचे धडे: त्याने खिडकी उघडली. त्याने कपाट उघडलं. त्याने चादर ठेवली. त्याने चिमटा लावला.

'हू साम एत हा-अताव.' मी पोपटासारखं म्हणून टाकलं आणि मग अर्थ लक्षात आला.

"मावशी, त्याने नाही लावला."

"उदाहरण आहे गं. शाळेत 'गाय गवत खाते' लिहिलंस तेव्हा गोठ्यात जाऊन बघून आली होतीस का?"

"पण हे तपासनीसबाईला सांगायचंय ना?"

मावशी उशांचे अभ्रे रचत राहिली. दहा हातांवरून डाग दिसतो तिला, पण माझ्याकडे बघेना. मग हळूच म्हणाली, "लांब्याने सांगितलंय. त्याने स्वतः लावला असं ठरलं तर बाकी कोणाला काही होत नाही. तुला नाही, मला नाही."

"आणि त्याला?"

"त्याला काढतील."

"तसल्या हाताने? दुसरीकडे कोण घेणार त्याला?"

"अगं, तुझी सहावी नोकरी ना ही? माझी पहिली आहे! आणि शेवटची. मला कोण घेणार?"

मावशी असं बोलते! कालच तर माझ्या कोटाचं तुटलेलं बटण न सांगता शिवून दिलं होतं तिने.

आणि खरं तर राग कुणाचा? ती खोटं शिकवतेय. मी शिकतेय. छान जमतंयही मला!

१५ मार्च, रविवार

पळून जावं का? पिशवी भरली. मोजे सापडेनात. पिशवी रिकामी केली.

१८ मार्च, बुधवार

दवाखान्यात गेले होते. त्याची खोली सापडेना, चुकून लहान बाळांच्या विभागात शिरले, तिथे दहा मिनिटं काचेला नाक लावून उभी राहिले. मग आठवलं कशाला आलेय.

हात पांढऱ्या गाठोड्यासारखा. मला बघून उठून बसला. "मा श्लोमेख?"

मलाच विचारतोय! माझ्या तोंडून 'तोव' निघेना.

त्याच्या पलंगावरची चादर आमच्याकडची होती, कोपऱ्यात आमचा शिक्का. तो शिक्क्यावर डावा हात फिरवत राहिला. मग आठवून आठवून, एकेक शब्द, "मखार... अवोदा?" उद्या... काम?

त्याला वाटतंय तो परत येणार आहे.

माझ्याकडे पंधरा दिवसांचं हिब्रू होतं. 'चिमटा मी लावला' एवढं तर मला झोपेतही म्हणता येतं. म्हटलं नाही. संत्री ठेवली आणि आले. सोलून तरी ठेवायची! एका हाताने कशी सोलणार तो?

२० मार्च, शुक्रवार

नीट लिहिते.

दुपारी हजेरीचा कागद द्यायला लांब्याच्या ऑफिसात गेले. तो नव्हता. टेबलावर एक छापलेला कागद. खाली सही. आणि सही मराठीत! मावशीचं नाव, गोल गोल अक्षरांत. म्हटलं वा, काय ताठा आहे बाईचा, तीस वर्षांनीही सही आपल्याच लिपीत!

मग वरचं वाचायला लागले. बोट ठेवून, उजवीकडून. अर्ध्या शब्दांना काही अर्थ लागला नाही. पण बाकीचे... बाकीचे सगळे माझ्या धड्यांतले! ओळखीची माणसं परक्या गावात भेटावीत तसे एकेक समोर येत गेले. कोल बोकेर. रोज सकाळी. अनी सामती एत हा-अताव. चिमटा मी लावला. मग मेनाहेल, मग आसूर. मॅनेजर म्हणाला, मनाई. मग ६ मार्चची तारीख आणि हू साम. त्या दिवशी त्याने लावला.

तीनदा वाचलं.

मावशीने स्वतःवर घेतलंय! रोज मीच लावत होते, मॅनेजरने मना केलं तरी लावत होते, असं लिहून सही करून दिलीय! लांब्याने कधी मना केलं? अंगठा दाखवत होता तो! त्यालासुद्धा वाचवलं तिने. स्वतःची तीस वर्षं आगीत घातली. फक्त एक दिवस सोडला. सहा तारीख. त्या दिवशीचं खोटं माझ्यासाठी आहे. फक्त माझ्यासाठी!

आणि मी तिला मनातल्या मनात काय काय म्हणत होते!

खाली आले. मावशी पिंपं लावत होती. "ते निळ्या झाकणाचं इकडे दे." मी दिलं. बोलले काहीच नाही. बोलले असते तर तिथेच रडले असते.

ठरलं. मंगळवारी मी खरं सांगणार. जी बाई स्वतःचं सगळं लिहून देते तिने माझ्यापायी एक खोटंसुद्धा का बोलावं?

२४ मार्च, मंगळवार

झालं. पण असं होईल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

तपासनीसबाई बारीकशा, चष्मेवाल्या, सर्दी झालेल्या. सारख्या नाक पुसत होत्या. लांब्या भिंतीला टेकून. मावशी खुर्चीत, पदर मुठीत.

मी उभी राहिले. नाव सांगितलं. अनी ओवेदेत बा-गिहुत्स, मी इस्त्रीत काम करते. पुढचं वाक्य 'हू' ने सुरू व्हायचं होतं. लांब्याने मान हलवली, चल, म्हण.

"अनी सामती एत हा-अताव," मी म्हटलं. "अनी. लो हू."

चिमटा मी लावला. मी. तो नाही.

मावशीने डोळे मिटले. बाईंनी रुमाल खाली ठेवला, मला तेच पुन्हा म्हणायला लावलं आणि लिहून घेतलं. मग समोरच्या कागदावरची एक ओळ खोडली. खोडतानाचा आवाज अजून कानात आहे. त्याच्यावरचा ठपका गेला! एवढा एक आवाज!

पण मग बाईंनी मावशीचा तो कागद उचलला आणि मोठ्याने वाचला. सगळा. मला वाटलं, आता मावशी मान खाली घालून 'हो' म्हणेल आणि मी जाऊन तिला मिठी मारीन.

मावशी ताडकन उठली. "लो! लो अमारती!" नाही! मी असं नाही म्हटलं! "हू यादा! कोल योम!" त्याला माहीत होतं! रोज! लांब्याकडे बोट दाखवत होती.

लांब्या म्हणाला, सही तिचीच आहे.

बाईंनी कागद तिच्यासमोर धरला. ही सही तुमची? मावशीने बघितलं. किती वेळ बघत राहिली! मग खाली बसली. तीस वर्षं जिच्यापुढे कोणाचं काही चाललं नाही, ती गप्प!

म्हणजे? लिहून दिलं आणि समोर वाचल्यावर फिरली? मी इकडे तिच्या भरवशावर धीर गोळा केला, आणि हिचा धीर ऐन वेळी गेला कुठे?

बाहेर जिन्यात गाठलंच तिला. "लांब्याला माहीत होतं हे मलाही माहीत आहे! मी सांगेन बाईंना! पण मग तू सही का केलीस? मावशी, का केलीस?"

"चष्मा नव्हता," म्हणाली. आणि गेली.

चष्मा! लहान मुलं देतात तसलं कारण! इतकी चिडलेय की जेवले नाही. मौनीबाबा सुटला, त्याचा आनंदही धड करता येत नाही. माझं काय होणार ते बाई नंतर कळवणार आहेत. त्याचं मला इतकं काही नाही, सातवी शोधू. पण मावशी! तिने असं करावं!

बाईंनी दोघींना आपापल्या जबाबाची नक्कल दिलीय. काही बदलायचं असेल तर उद्या दुपारपर्यंत, म्हणाल्या. मग बंद.

२५ मार्च, बुधवार

सकाळी साडेसहाला दार वाजलं. मावशी. हातात कालची नक्कल.

"वाच मला," म्हणाली. "काय काय लिहिलंय ते सगळं वाच."

"तूच वाच की! सही करताना—"

कागद तिने उलटा धरला होता.

मी तो तिच्या हातातून घेतला. सुलटा केला. तिचं बोट धरून उजवीकडच्या पहिल्या अक्षरावर ठेवलं.

बाईंचं ऑफिस नऊला उघडतं.